बंद आभाळाचा ऑक्टोबर

परवा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, पाणीकपातीच्या बातमीखाली, एक छोटी चौकट आली होती. शहराबाहेरच्या मैदानावर क्रिकेटचे सामने आहेत, म्हणून त्या काळात ड्रोन, पॅराग्लायडर, गरम हवेचे फुगे आणि छोटी खासगी विमानं उडवायला मनाई आहे. बस, एवढंच. ही बातमी वाचून पुण्यात कुणाचा बेत बिघडत असेल असं वाटत नाही. लोक सामन्याची तिकिटं शोधतात, वाहतूक कुठून वळवली आहे ते बघतात. वर आभाळालाही कुलूप लागतं, हे कुणाच्या ध्यानात येण्याचं कारण नाही.

आमच्या घरात मात्र अशी चौकट मोठ्याने वाचली जाते. बाबा चष्मा कपाळावर सरकवतात, कागद नाकाजवळ धरतात आणि एकेक शब्द सावकाश उच्चारतात. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी असते. ऐकते, पण ऐकत नाही असं दाखवते. ऑक्टोबरचं ऊन रेलिंगवर तापत असतं. आणि त्या उन्हाबरोबर कापलेल्या गवताचा वास येतो, जो येरवड्याच्या तिसऱ्या मजल्यावर यायला काही कारण नाही.

पुण्यातले लोक ऑक्टोबरला नावं ठेवतात. उकाडा, धूळ, डोळ्यांची जळजळ. मला तो महिना कधी वाईट वाटला नाही. पाऊस निघून गेल्यावर आभाळ जरा उंच होतं, कडा स्पष्ट दिसतात. लोणी काळभोरच्या पुढे सोलापूर रस्ता सोडून आत वळलं की उसाच्या दोन फडांमध्ये एक लांब, हिरवा, सरळ पट्टा होता. ती आमच्या फ्लाइंग क्लबची धावपट्टी. आमच्या म्हणजे बाबांच्या. डांबर नव्हतं, नुसतं गवत. पावसाळ्यात काळी माती चाकाला धरून बसायची, म्हणून जूनपासून क्लब बंद असे. ऑक्टोबरात गवत कापलं जायचं. कडेला कुर्डूची गुलाबी-पांढरी तुरे आलेली झाडं उभी राहायची, एक टिटवी सगळ्यांवर ओरडत फिरायची आणि पलीकडच्या गुऱ्हाळातून गुळाचा जड, गोड धूर यायचा. पेट्रोल, गवत आणि गूळ. हे तीन वास मी एकत्र दुसरीकडे कुठे घेतलेले नाहीत.

बाबा मूळचे अकोल्याकडचे. लहानपणी कपाशीवर औषध फवारायला आलेलं विमान त्यांनी पाहिलं होतं. ते इतकं खाली आलं की आतल्या माणसाने हात हलवलेला दिसला. ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल, पण प्रत्येक वेळी ते हात हलवूनच दाखवत. पुढे पिंपरीच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करण्यात त्यांची सगळी वर्षं गेली. मग कारखान्यात परदेशी भागीदार आला, नवी यंत्रं आली, जुन्या यंत्रांबरोबर त्यांना सांभाळणारी माणसंही नको झाली. ते दिवसच असे होते की एकाच घरातला बाप कारखान्यातून कायमचा घरी येत होता आणि मुलगी काचेच्या इमारतीकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये चढत होती. बाबांच्या बरोबरीचे लोक बागेत हसण्याच्या क्लबात जायला लागले. बाबांनी फ्लाइंग क्लबात नाव घातलं.

आई शाळेत गणित शिकवायची. ती रागावली नाही. "आयुष्यभर यंत्रांच्या खाली झोपले, आता यंत्रात बसू द्या," एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला लागली. पण ते क्लबला जायचे त्या दिवशी ती रेडिओ लावत नसे.

माझ्याविषयी फार सांगण्यासारखं नाही. मला बाबांनी हट्टाने इंग्रजी शाळेत घातलं. तिथे सिस्टर सांगायच्या, विचारलं तरच बोलायचं. मला ते मनापासून पटलं. नोकरी लागली तीही अशी की अमेरिकेतल्या लोकांशी फोनवर बोलायचं, आणि मी पूर्ण कॉलभर माझा आवाज बंद ठेवून ऐकत असे. मॅनेजर अधूनमधून विचारायचा, तू लाइनवर आहेस ना. मी बटण दाबून 'येस' म्हणायची आणि पुन्हा बटण दाबायची. घरीही तेच. पाहुणे आले की आई सांगायची, ती कमी बोलते. बाबा मात्र त्यात काही उणं मानत नसत. माझ्या कमी बोलण्याचा त्यांना आधारच वाटायचा. कारखान्यातली भांडणं, आईला न सांगितलेल्या गोष्टी, पहिल्यांदा एकट्याने विमान उतरवताना किती भीती वाटली ते, सगळं ते माझ्यापाशी ठेवत. माझ्यापाशी ठेवलेलं बाहेर जात नाही, याची त्यांना खात्री होती.

बाबांना लायसन्स मिळालं ते ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. आता ते एका माणसाला शेजारी बसवून नेऊ शकत होते. आईने लायसन्सला हळदकुंकू वाहिलं. बाबा म्हणाले, ऑक्टोबर लागला की पहिली हिला नेतो. आईला नेत नाही, ती वरून सूचना देईल. आई म्हणाली, खालून देते तेवढ्या तरी कुठे ऐकता. मी नुसती हसले. पण त्या रात्री अंथरुणावर पडून मी येरवडा वरून कसं दिसेल याचा विचार करत राहिले. तुरुंगाची भिंत, नदीचं वळण, आमची गच्ची.

पावसाळ्यात बाबांची साखर वाढली. उडणाऱ्या माणसाला ठरावीक काळाने डॉक्टरांचं सर्टिफिकेट नवं करून घ्यावं लागतं, तेही ठरवून दिलेल्या डॉक्टरांचंच. ते नसेल तर लायसन्स नुसता पुठ्ठा. सदाशिव पेठेतल्या त्या डॉक्टरांकडे मीच बाबांबरोबर गेले होते. त्यांनी रिपोर्ट पाहिले, बाबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "गावंडे, हे सर्टिफिकेट ऑक्टोबरअखेर संपतंय. पुढच्यावर मी सही करणार नाही. रागवायचं असेल तर आत्ता रागवून घ्या, बाहेर पेशंट बसलेत."

बाबा रागावले नाहीत. जिना उतरताना एवढंच म्हणाले की, एक ऑक्टोबर आहे ना आपल्याकडे, पुष्कळ झाला.

आणि त्याच ऑक्टोबरात शहरात खेळांच्या स्पर्धा आल्या. देशोदेशीची मुलं येणार होती, म्हणून शहर नटायला लागलं. दुभाजकांना पिवळा-काळा रंग, खांबांवर झेंडे, जिथे कधी फूटपाथ नव्हता तिथे फूटपाथ. आमच्या कंपनीची बस जायची त्या रस्त्याला वस्तीच्या समोर फ्लेक्सच्या भिंती उभ्या राहिल्या. त्यांवर उड्या मारणारी, पळणारी, हसणारी मुलं होती. वस्तीतली मुलं त्या भिंतीखालून वाकून रस्त्यावर यायची. मी बसच्या खिडकीतून हे रोज बघत होते आणि मला वाटत होतं की हे सगळं जमिनीवर चाललं आहे. आपल्याला आभाळ पुरे आहे.

आभाळही बंद होणार, हे साठेकाकांकडून कळलं. साठेकाका क्लबचे सेक्रेटरी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, सडपातळ, कायम इस्त्रीचा शर्ट. विमान ठेवायच्या हँगरच्या दाराशी त्यांचा एक काळा फळा असे. वारा कुठून आहे, धावपट्टी ओली आहे की कोरडी आणि आभाळ उघडं आहे की बंद, हे त्यावर खडूने लिहायचं काम त्यांचं आणि फक्त त्यांचं. धावपट्टीच्या भोवतालच्या ठरलेल्या हद्दीत, ठरलेल्या उंचीखाली उडायला क्लबला कायमची परवानगी होती, दर वेळी कुणाला विचारावं लागत नसे. पण अशी बंदी आली की तेवढ्या वेळापुरती ती परवानगी गळून पडायची. बंदीच्या सूचनांमधल्या वेळा जगभर एकाच घड्याळाने लिहिलेल्या असतात, ग्रीनविचच्या. साठेकाका त्यांत साडेपाच तास मिळवायचे आणि भारतीय वेळ फळ्यावर मांडायचे. क्लबचा नियम असा की सूचना कुणी वाचायची नाही, फळा वाचायचा. दहा जणांनी दहा बेरजा करायच्या नाहीत. फळ्याखाली त्यांनी एक पाटीही लावली होती, 'फळा वाचावा. फळ्यास शंका विचारू नयेत.'

स्पर्धेचं मैदान बालेवाडीला, शहराच्या त्या टोकाला. आमचं गवत या टोकाला. पण बंदी जवळजवळ महिनाभराची होती, आणि सुरक्षावाल्यांनी नकाशावर आखलेलं वर्तुळ एवढं मोठं होतं की आमचा पट्टा त्याच्या कडेच्या आत, अगदी जेमतेम आत येत होता. देशात तेव्हा सगळ्यांनाच स्फोटांची भीती होती, सुरक्षेपुढे कुणाचं काही चालत नव्हतं आणि चालू नये हेही कळत होतं. तरी साठेकाका चहा ओतताना म्हणाले, "बालेवाडीला पोरं पळतायत आणि दम इथे आपल्याला लागतोय."

त्या महिन्यातले शनिवार-रविवार मला एकसारखेच आठवतात. मी रात्रपाळीने आठवडाभर जागलेली, डोळे चुरचुरत असलेले. बाबांची स्कूटर, मागे मी. हडपसरची गर्दी, मग ऊस, मग गवत. फळ्यावर 'बंद'. तरी आम्ही जायचो. बाबा विमान हँगरमधून थोडं बाहेर ओढायचे, पुसायचे, पंखाखाली बसून चहा प्यायचे. ते दोन माणसांचं जुनं विमान होतं. सीटचं रेक्झिन फाटलं होतं, त्यावर कुणीतरी सोलापुरी चादर घातली होती. मी पंखाच्या सावलीत बसून वर बघायची. आभाळ स्वच्छ, निळं, पूर्ण रिकामं. घारी मात्र फिरत होत्या. बाबा त्यांच्याकडे बघत आणि काही बोलत नसत. त्यांचं न बोलणं मला नवीन होतं. मला माझं मौन ठाऊक होतं, त्यांचं नाही.

बंद हा शब्द दारावर, दुकानावर, खिडकीवर लावलेला मी पाहिला होता. ज्याला दारच नाही ते कसं बंद करतात, हे मला त्या उन्हात बसून समजत नव्हतं.

स्पर्धेचा शेवटचा दिवस रविवार होता. बाबांचं सर्टिफिकेट सोमवारी संपत होतं, आणि सोमवारी क्लबला सुट्टी. रविवारी आभाळ दिवसभर बंद राहणार असं आधी सांगितलेलं, म्हणून आम्ही आशा सोडली होती. मी तर सुटकेचा श्वास टाकला होता, कारण वाट बघण्याचाही थकवा येतो. पण शनिवारी संध्याकाळी साठेकाकांचा फोन आला. समारोपाचं वेळापत्रक बदललं होतं, नवी वेळ विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्यांना फोनवरच सांगितली होती. "अहो गावंडे, आभाळ उघडलंय. उद्या साडेपाचपर्यंत तुमचंच."

बाबांनी फोन ठेवला आणि कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला. सकाळीच जा, असं आई म्हणाली. बाबांना संध्याकाळचं ऊन हवं होतं. तिरप्या उन्हात नदी चमकते, ते त्यांना मला दाखवायचं होतं.

आम्ही चार वाजायच्या सुमारास पोचलो. साठेकाका सोडून क्लबात कुणी नव्हतं. फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'बंद: सायंकाळी साडेपाच ते पहाटे साडेतीन.' मी ते वाचलं आणि पुढे गेले. पण मनात काहीतरी टोचलं. पायात कुसळ गेल्यासारखं, चालता येतं पण विसरता येत नाही असं.

बाबांनी मला उजव्या सीटवर बसवलं, पट्टे आवळले, कानांवर हेडफोन चढवले. त्यातून त्यांचा आवाज अगदी जवळून यायला लागला. तेल, पेट्रोल, सुकाणू, ब्रेक. एकेक गोष्ट मोठ्याने म्हणायची, हात लावून बघायची आणि मगच पुढच्या गोष्टीकडे जायचं. बाबा गॅसचा नॉबही तीनदा बघणारे. इंजिन सुरू झालं. सगळं थरथरायला लागलं, चादरीच्या दशासुद्धा. समोर गवताचा लांब पट्टा पसरला होता आणि त्याच्या टोकाला ऊन. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात हलवला. मी लहान मुलगी होऊन कपाशीत उभी असल्यासारखा, वरून खाली हलवतात तसा.

आणि त्याच क्षणी ते कुसळ मला सापडलं. पहाटे साडेतीन. समारोप रात्री दहापर्यंत संपणार. आभाळ पहाटे साडेतीनपर्यंत कशासाठी बंद ठेवतील? क्लबातलं कुणी रात्री उडत नाही, म्हणून बंदी कधी संपते याकडे कुणी बघतच नव्हतं. पण माझ्या नोकरीत हीच चूक रोज व्हायची. इकडच्या वेळेला तिकडची समजून कुणीतरी पुन्हा फरकाचे तास मिळवायचं, आणि मीटिंगला मी एकटीच बसलेली असायची. साडेतीनमधून साडेपाच तास काढा, रात्रीचे दहा. साडेपाचमधून काढा, दुपारचे बारा. विमानतळाच्या अधिकाऱ्याने भलेपणाने भारतीय वेळ सांगितली होती. साठेकाकांनी सवयीने तीत बेरीज केली होती.

आभाळ दुपारपासूनच बंद होतं. आणि सकाळी, आई म्हणत होती तेव्हा, ते खरोखर उघडं होतं.

मी गप्प बसले असते तर काय झालं असतं, हे मी त्यानंतर पुष्कळ वेळा मनात उलगडून पाहिलं आहे. कदाचित काहीच नाही. आम्ही धावपट्टीभोवती एक-दोन फेऱ्या मारून खाली आलो असतो. कदाचित कुठल्यातरी पडद्यावर आम्ही ठिपका होऊन उमटलो असतो, आणि त्या भीतीच्या दिवसांत एका ठिपक्याचं काय केलं असतं हे मला माहीत नाही. क्लब गेला असता. बाबांचं नाव पोलिसांत गेलं असतं. हे सगळं मला त्या सीटवर कळत होतं. पण मला हेही कळत होतं की हा माणूस उद्यानंतर या सीटवर बसणार नाही. बटण माझ्यासमोरच होतं. दाबायचं की नाही एवढंच होतं.

"बाबा, फळ्यावरची वेळ चुकलीय. बंदी बारापासून आहे."

माझा आवाज मलाच हेडफोनमधून ऐकू आला. मोठा, स्पष्ट, कुणा दुसरीचा वाटावा असा.

"काय म्हणून राहिली तू?" बाबा म्हणाले. घाईत किंवा दुखलं की त्यांची अकोल्याची बोली वर यायची.

मी पहाटे साडेतीनचं सांगितलं. दोनच वाक्यांत. त्यांनी ऐकून घेतलं. हँगर आमच्या डाव्या हाताला होता, तिथून फळा दिसत होता. त्यांनी मान वळवली नाही. एवढंच केलं की थ्रॉटल मागे ओढला. इंजिनचा आवाज खाली आला. समोर टिटवी चालत पट्टा ओलांडून गेली.

मग त्यांनी विचारलं, "जमीन तर बंद नाही ना?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी ब्रेक सोडला. विमान हळूहळू पट्ट्यावर आलं, अगदी मधोमध. मग त्यांनी थ्रॉटल पुढे दिला. गवत दोन्ही बाजूंनी धावायला लागलं, ऊस धावायला लागला, सीट हादरत होती, माझे दात एकमेकांवर आपटत होते. मला वाटलं, हे निघाले. मी डोळे मिटले नाहीत. त्यांनी सुकाणू थोडंसं, दोन बोटांनी ओढावं इतकंच, मागे घेतलं. पुढचं चाक उचललं गेलं. समोरचा ऊस, पट्टा, गुऱ्हाळाचा धूर, सगळं नाकाखाली बुडालं आणि काचेत नुसतं आभाळ उरलं. निळं, तिरप्या उन्हाचं. मागची दोन चाकं मातीवर खडखडत होती, ते मला खालून कळत होतं. पण डोळ्यांना माती नव्हती. बाबांनी ते तसं धरून ठेवलं. मग त्यांनी नाक सावकाश खाली आणलं, आणि ऊस परत आला.

पट्ट्याच्या टोकाला त्यांनी इंजिन बंद केलं. गवतातले किडे ऐकू यायला लागले. आम्ही सूर्य खाली जाईपर्यंत तिथे बसलो. त्या सगळ्या वेळात आभाळातून काहीही गेलं नाही. हेलिकॉप्टर नाही, विमान नाही. कुणी बघत होतं असं काही दिसलं नाही. दिसलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

साठेकाकांना बाबांनी सांगितलं, पोरीच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढला, फळ्याजवळ गेले, बोटांवर मोजलं. मग खिशातला पांढरा रुमाल काढून त्यांनी फळा पुसला, डस्टर शेजारीच असताना. त्यांच्या तोंडून एकही टोमणा आला नाही. तेच मला सगळ्यात जास्त लागलं. पुढच्या आठवड्यापासून फळ्यावर दुसऱ्या कुणाचं अक्षर आलं. साठेकाका यायचे, खुर्चीत बसायचे आणि बाबांबरोबर सहज गेलेली मी दिसले की म्हणायचे, "बघा हो, बरोबर लिहिलंय का यांनी." थट्टेने म्हणायचे, पण माझ्या उत्तराची वाट बघायचे. दोन-तीन वर्षांत ते गेले.

आता तो पट्टाही नाही. ऊस नाही, गुऱ्हाळ नाही, तिथे मोठ्या सोसायटीचे बुरूज उभे आहेत, आणि कमानीवर पंख पसरलेला पक्षी आहे. आमच्या घरावरून मात्र लोहगावला उतरणारी विमानं अजून जातात, पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त. बाबा न बघता आवाजावरून ओळखतात. शहर पसरतंय, मैदानं वाढतायत, सामने होतायत. दर वेळी कुठेतरी एक चौकट छापून येते आणि थोडा वेळ आभाळ बंद होतं. मला दर वेळी तो हेडफोनमधला आवाज आठवतो. योग्य तेच केलं, असं सगळे म्हणतात. आईने तर त्या दिवशी माझी दृष्ट काढली. पण योग्य केल्यावर मन जसं हलकं व्हायला हवं तसं माझं झालं नाही, आणि का, हे मला माहीत होतं. बाबांनी मान वळवली नव्हती. गॅसचा नॉब तीनदा बघणाऱ्या माणसाने एकदाही फळ्याकडे बघून खात्री करून घेतली नव्हती.

परवा ती चौकट वाचून झाल्यावर त्यांनी कागद मांडीवर ठेवला. आई आत कुकर लावत होती. इतक्या वर्षांनी मला ते विचारावंसं का वाटलं, सांगता येत नाही. वरून एक विमान गेलं आणि ते जाईपर्यंत आम्ही दोघं थांबलो, एवढंच.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही फळ्याकडे पाहिलं नाही."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"पाह्यला होता ना," ते म्हणाले. "आल्या आल्याच. पहाटे साडेतीन कसे काय, तेव्हाच वाटलं."

"मग साठेकाकांना का नाही सांगितलं?"

कुकरची एक शिट्टी झाली. बाबा रेलिंगच्या बाहेर बघत होते. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि त्याची दोन बोटं थोडीशी मागे वळली होती.

"तू बोलशील असं काही वाटलं नव्हतं," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. कौतुकही नव्हतं. यंत्रातला एखादा भाग आपण समजत होतो त्यापेक्षा वेगळा निघाला, तर ते जसे म्हणायचे तसंच म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर रुमालाने फळा पुसणारे साठेकाका आले. हात हलवणारे बाबा आले. माझ्यापाशी ठेवलेलं बाहेर जात नाही, म्हणून उजव्या सीटवर मला बसवलं होतं की मला नदी दाखवायची होती म्हणून, हे मी विचारलं नाही. दोन्ही खरं असणार. दोन्ही खरं असण्याचाच त्रास आहे.

त्यांनी कागद उचलून माझ्यापुढे धरला. "हे बघ बरं. सायंकाळी सहा ते रात्री अकरा. बरोबर आहे का?"

मी कप खाली ठेवला आणि कागद घेतला. साडेपाच तास काढून पाहिले, मिळवून पाहिले. सामना कधी सुरू होतो, कधी संपतो ते खेळाच्या पानावर शोधून वाचलं. त्यांनी घाई केली नाही.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, आणि सहा वाजायला अजून अवकाश होता तरी आम्ही दोघांनी वर पाहिलं.